ढवळेसाहेबांच्या हिरवळीचा उतार

ढवळेसाहेबांच्या परसातल्या हिरवळीला जे टेंगूळ आलंय, ते माझ्यामुळे. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा. पण टेंगळाआधी साहेब सांगायला हवेत. त्याशिवाय माझा गुन्हा केवढा, ते कळणार नाही.

साहेब म्हणजे निवृत्त मोजणीदार. चाळीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या, आता परभणीत आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. खिशात कायम एक काचेची गोटी. कुणाच्या वास्तुशांतीला गेले की देवाला नमस्कार करायचा आणि लगेच उकिडवं बसून नव्या फरशीवर गोटी ठेवायची. पाहुणे ताटावरून मान वळवून बघायचे. गोटी हलली की घरमालकाचा चेहरा पडायचा. "न्हाणीचं पाणी देवघरात येतंय बगा," एवढं सांगून साहेब पंगतीत बसायचे आणि बुंदी दोनदा मागून घ्यायचे. पुतणीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हाही गोटी सोडली. बाहेर येऊन निकाल दिला, "घर उगवतीकडं कललंय. पोरगं सरळ हाय. द्या."

दुसऱ्याच्या मापावर त्यांचा काडीचा भरवसा नाही. शिंप्याकडेही स्वतःचा टेप घेऊन जातात.

अशा माणसाने गेल्या उन्हाळ्यात जाहीर केलं, की परसात गोल्फची हिरवळ करायची. तीही प्लास्टिकच्या गवताची. गोल्फ त्यांनी फक्त मोबाइलवर पाहिलेला. टेम्पोतून गवताची गुंडाळी उतरली तेव्हा समोरच्या आजी विचारत आल्या, लग्न कुणाचं हाय, सतरंजी लय मोठी आणली. गफूरभाई गवंड्यांनी गवतावरून हात फिरवला आणि पाणी कधी द्यायचं ते विचारलं. द्यायचं नाही म्हटल्यावर, मग उगवणार कसं, अशी त्यांना रास्त शंका आली.

मलाही राहवत नव्हतं. दहा वेळा विचारलं असेल, हे कशासाठी? उत्तर एकच, "नाद हाय मला."

काम मात्र पक्कं. आमची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, तिच्यावर काही सरळ राहत नाही. मी शाळेत भूगोल शिकवतो. काळ्या मातीचा धडा मला तोंडपाठ आहे आणि माझ्याच घराच्या भिंतींना तडे आहेत. साहेबांचा हुकूम होता, की काळी माती दोन फूट काढायची, मुरूम भरायचा, पाणी मारून धुम्मसाने ठोकून बसवायचा, वर बारीक खडी आणि मग गवत. आमच्या बोळातून जेसीबी येत नाही, म्हणून खोदाई हाताने. फक्त डावा कोपरा राहिला होता, तेव्हा साहेबांना बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, घेऊन नांदेडला डॉक्टरकडे जावं लागलं. काकूंना वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. डावा हात अजून म्हणावा तसा चालत नव्हता. जाताना साहेब म्हणाले, "सर, कोपरा तेवढा तुमी बगा."

त्याच दिवशी देवगाव फाट्याला साडूच्या मुलीचं लग्न. अक्षता साडेबाराच्या. पावणेअकराला कोपरा फूटभर खोदून झाला होता. गफूरभाई म्हणाले, अजून एक फूट हाय, सर. मी घड्याळ बघितलं आणि सांगितलं, राहू द्या, भरा. एका कोपऱ्याने काय होतंय.

संध्याकाळी साहेबांचा फोन. मी म्हणालो, दोन फूट भरला.

"तुमी बगितलं ना? मग झालं," ते म्हणाले. आणि आल्यावर त्यांनी तो कोपरा मोजला नाही.

गवत अंथरलं, चाळणीने चाळलेली वाळू खराट्याने त्यात बसवली, डाव्या कोपऱ्याजवळ चेंडू पडायला स्टीलचा गडू पुरला. पहिल्या दिवशी गोल्फची काठी घेऊन उभ्या राहिल्या त्या काकू.

तेव्हा मला उमगलं. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, दोन्ही पायांवर सारखा भार द्या, दोन्ही हातांनी हळू ढकलायची सवय ठेवा. व्यायामाचं नाव काढलं की काकू भिंतीकडे तोंड करून झोपत. म्हणून साहेबांनी स्वतःला नाद लावून घेतला होता. मुद्दाम चेंडू भलतीकडे घालवायचे आणि म्हणायचे, मला जमंना, तू मारून दाव. काकू लहानपणी गोट्यांत पोरांना रडवायच्या. त्यांना गडू म्हणजे गोट्यांची गलच वाटली. महिनाभर भिंतीपलीकडून टण् आवाज यायचा, मागोमाग साहेबांचं "चुकून गेला असंल" आणि काकूंचं "चुकून? थांबा, बगाच."

मग पावसाळ्यात कोपरा फुगला. चेंडू गडूच्या तोंडाशी जायचा आणि उजवीकडे वळायचा. टण् बंद झाला.

एकदा काकूंनी मला फाटकाशी थांबवलं. "हातच वाकडा जायलाय, सर. त्यांना नका बोलू. लय हौसेनं केलंय त्यांनी." तेव्हापासून त्यांनी काठीला हात लावलेला नाही.

आठ दिवसांनी साहेब आले. "खाली मुरूम दोन फूट हाय, म्हंजे उतार माजाच चुकला. मी सांगून बगितलं हिला. ऐकत न्हाई. म्हणती, तुमचा उतार कदी चुकलाय का?"

मी चहा ढवळत राहिलो.

आता साहेब आठवड्यातून एकदा सकाळच्या एसटीने जिंतूरकडे जातात. तीस-तीस वर्षांपूर्वी मोजलेल्या बांधांवर टेप धरून उभे राहतात. शेतकरी घाबरून विचारतात, साहेब, काही वाद निघाला का? ते म्हणतात, वाद न्हाई, खात्री करायलोय. आतापर्यंतचे सगळे बांध बरोबर निघाले. तरी जातात. परवा परत आले ते चपला चिखलाने भरलेल्या. ओट्यावर बसून म्हणाले, "माज्या परसात एवढं चुकलं, तर लोकांच्या रानात किती चुकलं असंल, सर?" आणि उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून, "तुमी कोपरा दोन फूट भरून घेतला म्हणून तेवढ्यावर निभावलं."

मी साहेबांना एक वाक्य देणं लागतो. कोपरा मी एकच फूट खोदू दिला आणि खोटं बोललो. ते काकूंच्या देखत बोलायचं आहे, कारण हे देणं त्यांचंही तितकंच आहे. अजून दिलेलं नाही.