झिप्रोबाची प्रतिकारशक्ती

टप्. टप्. टप्.

ऐकलंत, बाळांनो? पहाटे मोहाची फुलं गळतात ना, तेव्हा असा आवाज होतो. एका जंगलात झिप्रोबा नावाचं म्हातारं अस्वल राहत होतं. त्यानं हा आवाज फार वर्षांपूर्वी ऐकला होता. दूर मोहटेकडीवर, एका वाकड्या झाडाखाली, आपल्या अस्वलिणीशेजारी बसून. तिनं त्या झाडावर नखांनी चार ओरखडे काढले होते. आता ती नव्हती. ओरखडे होते.

झिप्रोबाला एकदा तिथं जायचं होतं. बस, एवढंच.

पण टेकडी दोन दिवसांच्या वाटेवर. आणि झिप्रोबाला जरा वारा लागला की शिंक यायची. शिंकेमागून खोकला, खोकल्यामागून ताप. गेली तीन वर्षं मोह फुलला, तेव्हा तो गुहेत कण्हत पडला होता.

सून जांभळी म्हणायची, "मामंजी, काढा घ्या." तो घ्यायचा.

मुलगा रानबा म्हणायचा, "आबा, कोपऱ्यात बसा." तो बसायचा.

सगळं जंगल म्हणायचं, म्हातारा कसा गुणाचा!

त्या हिवाळ्यात डोहावर बकोपंत बगळे आले. दिवसभर एका पायावर डोळे मिटून उभे राहायचे, म्हणून सगळ्यांना ते विद्वान वाटायचे.

"म्हातारपणी अंगातले पहारेकरी सुस्तावतात," ते म्हणाले. "ताप दारात आला तरी घोरत पडतात. रोज सकाळी छातीभर पाण्यात चाला. पाणी मागे ढकलतं, आपण पुढे जायचं. गुडघे दुखत नाहीत आणि पहारेकरी जागे होतात. याला म्हणतात प्रतिकारशक्ती!"

झालं. सगळे म्हातारे डोहात. काटेअण्णा साळिंदर उतरले, तेव्हा सगळ्यांनी त्यांना भरपूर जागा दिली. पाठकाकू कासवीण म्हणाली, "अगबाई! मी शंभर वर्षं हेच करतेय. व्यायाम आहे म्हणून कुणी सांगितलंच नाही. उगाच मजेत राहिले."

बकोपंत काठावरून मोजायचे, "एक! दोन!" म्हाताऱ्यांच्या चालण्यानं गाळ ढवळायचा. घाबरलेले मासे काठाशी यायचे. त्यामुळे 'तीन' कधी कुणाला ऐकू आलं नाही. तेव्हा बकोपंतांची चोच भरलेली असायची.

पण पाण्याला लबाडी येत नाही, बाळांनो. पोट बकोपंतांचं भरलं, खोकला झिप्रोबाचा गेला. हिवाळा सरला, तरी ताप काही आला नाही.

झिप्रोबानं एक दिवस विचारलं, "पंत, शक्ती वाढली हे ओळखायचं कसं हो?"

पंतांच्या चोचीत मासा तडफडत होता. त्यांनी तो कसाबसा गिळला. "प्रतिकार म्हणजे विरोध! समोरून येईल त्याला 'नाही' म्हणता आलं, की समजा वाढली. चला, पुढे चला!"

झिप्रोबा भोळा. तपासून बघायला थेट घरी गेला.

"मामंजी, काढा."

"नाही."

जांभळीच्या हातातला द्रोण हिंदकळला.

"आबा, कोपऱ्यात..."

"नाही."

"निदान कानात कापूस तरी?"

"नाही!" झिप्रोबाचे डोळे चमकले. वाढली की!

घरोघरी हेच. काटेअण्णांनी तर नातवंडं सांभाळायलाच नाही म्हटलं. मग सगळी मुलं-सुना डोहावर गेली.

"पंत, आमच्या म्हाताऱ्यांना काय केलंत?"

"बरं केलं."

"तेच तर! आजारी होते तेव्हा किती गुणी होते!"

जांभळी हळूच म्हणाली, "ती शक्ती थोडी कमी करता येईल का हो? तापापुरती ठेवा. आमच्यापुरती नको."

बकोपंतांनी डोहाकडे पाहिलं. मासे तसेही संपले होते. त्यांनी काठावर पाटी लावली: 'ज्येष्ठांच्या आरोग्यासाठी ज्येष्ठांनी पाण्यात उतरू नये.' आणि ते दुसऱ्या डोहाकडे उडाले.

त्याच आठवड्यात वाऱ्यावर मोहाचा वास आला.

पहाटे झिप्रोबा उठला. रानबा गुहेच्या तोंडाशी छाती काढून उभा राहिला.

"कुठं, आबा?"

"मोहटेकडीवर."

"वारा सुटलाय. वाटेत ताप आला तर कोण बघणार? तुम्ही रोज नाही म्हणता ना? आज मी म्हणतो. नाही म्हणजे नाही!"

जांभळी द्रोण घेऊन पुढे आली. "काढा तरी घ्या, मामंजी."

झिप्रोबानं द्रोण घेतला. शेवटच्या थेंबापर्यंत काढा प्यायला. रिकामा द्रोण तिच्या हातात दिला आणि पंजा हलकेच तिच्या डोक्यावर ठेवला.

मग तो रानबाकडे वळला. छातीला छाती भिडली. पाणी मागे ढकलतं, आपण पुढे जायचं.

एक. दोन. रानबा पाण्यासारखा बाजूला सरला.

तीन. तिसरं पाऊल गुहेबाहेर पडलं. झिप्रोबा नाही म्हणाला नाही, होही म्हणाला नाही. टेकडीच्या वाटेनं तो चालू लागला.

तात्पर्य: बाळांनो, तापानं पडलेला म्हातारा घरात राहतो, बरा झालेला चालू लागतो. तेव्हा वडीलधाऱ्यांवर खरी माया असेल, तर त्यांना पाण्यापासून लांबच ठेवा.