चोपड्याला पाणी असतंच

"पाणी तिथं असतंच हो बाबा, नदी आहे ती!" सायलीनं ठणकावून सांगितलं आणि मुळगावच्या भिकाजीकाकाच्या ओसरीवरची सभा तिच्याकडे बघतच राहिली.

नाताळच्या सुट्टीत साखळीहून काकाकडे यायचं आणि एक दिवस हरवळ्याच्या धबधब्यावर जाऊन भाकऱ्या खाऊन परतायचं, हा घरचा वर्षानुवर्षांचा नेम. यंदा सायलीनं बंड केलं. सात महिन्यांपूर्वी गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला होता. नववीत गेलेल्या आपल्यालाही तो मिळायला हरकत नाही, असं तिचं मत होतं. तिनं वहीत सगळी आखणी केली होती. डिचोलीहून म्हापसा, तिथून शिवोली, मग फेरीबोटीनं नदीपलीकडे चोपडे. तिथं शांताराम होडीवाल्याच्या होडीतून शापोरा नदीत फेरफटका आणि काठावर माडाखाली जेवण!

बाबांनी, म्हणजे खाण कंपनीतले कारकून गुरुदास यांनी, शर्टाच्या खिशातलं शाईपेन चाचपलं. त्या पेनावाचून ते न्हाणीघरातही जात नसत, अशी घरात थट्टा होती. "हंपीच्या सहलीच्या कागदावर माझी सही हवी ना तुला? मग ही सहल पार पाडून दाखव. कुणाची एकसुद्धा तक्रार आली नाही, तर तिथल्या तिथं सही. आली, तर हंपी पुस्तकात बघायची."

"कबूल!" सायली म्हणाली. वर्गातल्या सगळ्या मैत्रिणी हंपीला जाणार होत्या. कबूल न करून सांगते कुणाला?

"पाण्याकाठी जाऊन मी शिवराक, नुसता भाजी-भात, जेवणार नाही हां," सुमंगलाकाकीनं पहिला बाण सोडला. "तळलेली मासळीची तुकडी हवी."

सायली कॅलेंडरपुढे उभी राहिली. सोमवारी काकी मासळी खात नसे, गुरुवारी भिकाजीकाका, आणि एकादशीला बाबा. सुट्टी संपायच्या आत सगळ्यांना चालेल असा एकच दिवस उरला, रविवारची अष्टमी. अख्ख्या घराच्या पोटांची सोय बघून तिथी ठरली. नदीचंही काही तिथीवर चालतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मुळगावात पाणी म्हणजे विहिरीतलं. ते काही जागचं हलत नाही.

रविवारी घोळ म्हापशापासून सुरू झाला. काका ताजे उंडे पाव घ्यायला म्हणून बेकरीत शिरला, तेवढ्यात शिवोलीची बस सुटली. पुढची बस तासाभरानं. शिवोलीला उतरेपर्यंत साडेअकरा वाजले. फेरीबोटीत सायलीला नदी जरा बारीक वाटली. तिनं वही उघडून आखणी पुन्हा एकदा वाचली.

चोपड्याला धक्क्यापासून थोडं चालून सगळे ठरलेल्या जागी पोचले. शांतारामची होडी चिखलात म्हशीसारखी बसली होती. तिच्यापुढेही चिखल, त्यापुढेही चिखल आणि पार तिकडे पाण्याची एक पट्टी चकाकत होती.

"पाणी खंय रे?" काकीनं विचारलं.

"गेलां," माडाला टेकून बसलेला शांताराम म्हणाला.

"गेलां म्हणजे?"

"आज आठम न्हय? आठमीक दुपारची सुकती, ओहोटी. येतलां तीन-चारांक." मग त्यानं सायलीकडे बघितलं. "तारीख कोणी काढली गो?"

सायली वहीच्या आडोशाला गेली.

"हरवळ्याचं पाणी असं न सांगता कुठं जात नाही हां," काका म्हणाला.

"पण देखावा किती छान आहे ना!" सायली घाईनं म्हणाली.

"हो तर. एवढा चिखल एका जागी मी पहिल्यांदाच बघतोय."

बाबांनी पेन खिशातून काढलं, त्याच्याकडे बघितलं आणि परत ठेवलं. सायलीच्या डोळ्यांपुढून हंपीची एसटी निघून गेली. काकीनं तोंड उघडलं.

"काकी, थांब गो! आधी जेवूया ना!"

जेवण झालं. तुकडी चवदार होती, म्हणून तक्रार तासभर लांबली. मग मात्र काकी लुगडं खोचून उठली. "खरंच पाणी आहे का चित्र आहे, ते बघून येते," म्हणत तिनं चिखलात पाय टाकला. पाय घोट्याच्या वर गेला.

"आगो बाय! पायाखाली काय तरी आहे!"

आता काय, खेकडा? सायलीनं डोळे गच्च मिटले. काकीनं वाकून हात घातला आणि मूठभर टपोऱ्या, पट्ट्यापट्ट्यांच्या शिंपल्या वर काढल्या.

"तिसऱ्यो!" काकी किंचाळली. "अहो, तिसऱ्यो! डिचोलीच्या बाजारात दहा मागितल्या तर सहा देते ती बाई!"

"सुकतेवेळीच गावतत," शांताराम माडाखालूनच म्हणाला.

मग कोण ऐकतंय! काका उतरला, घसरला, बसल्या बसल्याच शोधायला लागला. बाबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. डबे भरले, टोपली भरली, शांतारामकडून बाल्दी आणली. एकटी सायली मात्र काठावर उभी राहून समुद्राच्या दिशेनं बघत होती. पाणी आलं नाही, तर होडी नाही. होडी नाही, तर तक्रार. तक्रार, तर हंपी पुस्तकात!

साडेतीनला होडीचं बूड हललं.

"आलं! काकी, पाणी आलं! चला होडीत!" सायली नाचायलाच लागली.

कोपरापर्यंत बरबटलेल्या काकीनं मान वर केली. "कुणी बोलावलं ह्याला इतक्यात? बाल्दी अर्धी रिकामी आहे माझी! काय गो सायली, कसला दिवस निवडलास? अजून तासभर पाणी येणार नाही, असा नव्हता मिळत?"

"तक्रार आली," बाबा गंभीरपणे म्हणाले.

सायलीचा चेहरा पडला.

"कसली तक्रार, भावजी?" काकी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "पोरीनं एवढं सोनं दाखवलं, सही करा गप. नाही तर रात्री तिसऱ्यांचं सुकं फक्त आम्हांला."

बाबांनी खिशाला हात लावला. मग दुसऱ्या खिशाला. मग त्यांनी मागे, हळूहळू पाण्याखाली जाणाऱ्या चिखलाकडे बघितलं.

पेन तिसऱ्यांच्या जागी राहिलं होतं. पण तिथल्या तिथं म्हणजे तिथल्या तिथं, म्हणून सायलीनं वहीत घालून आणलेला कागद बाबांच्या बरबटलेल्या हातापुढे धरला.

शाळा सुरू झाली तेव्हा सरांनी सायलीचा कागद उजेडाकडे धरून बराच वेळ बघितला.

"तुझे वडील कंपनीत कारकून ना गो? मग हा अंगठा कसला? आणि शाई अशी मातकट का?"

"सर," सायली म्हणाली, "त्या दिवशी अष्टमी होती."