दत्तूनं स्थळाचा पाया बघितला

माझा मेहुणा दत्तू कुणाच्याही घरी गेला की आधी टाच आपटतो. तीनदा. मग मान तिरकी करून ऐकतो आणि पसंत पडलं तरच बूड टेकतो. जयपुरात त्याला चहाला बोलावणारी घरं म्हणूनच कमी. मी चौथी नापास, पण इतका येडा नाही.

दोष धंद्याचा. जमिनीला भोक पाडून पार खडकात पाइल, म्हणजे काँक्रीटचे खांब, रोवायचे. यात त्याची हयात गेली. जगतपुऱ्यात एकदा साहेब म्हणाला, खडक लागला, ओता काँक्रीट.

"साहेब, हा सुटा धोंडा. पाहुणा आहे, घरचा नव्हे."

साहेब तापला. दत्तू भोकाच्या तोंडाशी मांडी घालून बसला. "ओता माझ्या अंगावर!"

शेवटी आणखी खोदलं. धोंडा फुटला आणि खाली निव्वळ वाळू! साहेब त्याला दत्तूजी म्हणायला लागला, तेव्हापासून हा कुणाला ऐकत नाही.

तर माझी नात नेहा. तिला मी आणि दत्तू, आम्ही दोघा म्हाताऱ्यांनीच वाढवली. पोरगा तिनंच पसंत केलेला, आदर्श नगरातला. बैठकीत लोक पगार विचारतात, पत्रिका विचारतात. दत्तूनं टाच आपटली आणि मुलाच्या बापाला, माथुरजींना, विचारलं, "चट्टान कितने फुट पे है?"

"जी?"

"मकान के नीचे."

"ये तो पिताजी जानते थे. वो तो रहे नहीं."

"मग स्थळ नको," म्हणत दत्तू उठला.

नेहा रडकुंडीला आली. "मामाआजोबा, मतलब दगडासाठी माझं लग्न मोडणार?"

माझंही डोकं फिरलं की फिरतं. म्हटलं, "दत्तू, बस खाली, नाहीतर तुझं-माझं नातं संपलं!"

तो म्हणाला, "पहार आणा."

माथुरजींनी हसत हसत आणून दिली. इस्त्रीच्या शर्टात हा अंगणातलं गुलाबाचं आळं उकरायला लागला. कमरेइतका आत गेला आणि पहार खणकन वाजली. खड्डा रुंद केला, चारी कोपरे ठोकले. खण, खण, खण, खण!

"घरचाच!" दत्तू ओरडला. टाळ्या पडल्या, नवरदेव नाचला, विहीणबाईंनी दिसेल त्याच्या तोंडात पेढा कोंबला.

दत्तू मात्र वर येईना. वाकून पाहिलं, तर रुमालानं खडकावरची माती पुसत होता.

"अरे, झालं ना मनासारखं? ये वर."

"दाजी," त्यानं मान वर केली नाही, "आपण दोघं गेल्यावर या गावात पोरीला आपलं कोण? म्हणून बघत होतो."

चपला काढल्या आणि मीही खड्ड्यात उतरलो.