श्रीमंत विल्फ्रेडो रोसादो यांनी मागील चाके रुंदावून कन्येच्या लग्नास केलेल्या स्वारीची हकीगत

ईश्वर सर्व मडगार्डांचे रक्षण करो. पोर्तो रिको बेटाच्या डोंगरमुलखी, आयबोनितो परगण्यात, लाल माझदा गाडीचे अधिपती श्रीमंत विल्फ्रेडो रोसादो यांनी पोटच्या कन्येच्या लग्नप्रसंगी दोन चाकांपायी जी मोहीम मांडली, तिची हकीगत जैसी घडली तैसी लिहितो. लिहिणारा आणि श्रीमंत एकाच पाटलोणीत वावरतात, आणि ती पाटलोण अलीकडे दोघांनाही घट्ट होते, म्हणून आतली खबर पक्की समजावी.

कारण ऐसे जाहले. कन्या यारेलिस लहान असता श्रीमंतांनी तिला वचन दिले होते की, लग्नादिवशी या दोन आसनांच्या गाडीतून मी खासा तुला चर्चात नेईन, आणि पोरीने ते वचन मोठेपणीही विसरू दिले नाही. मग लग्न तोंडावर आले आणि श्रीमंत रिवाजाप्रमाणे रविवारी सकाळी बेकरीच्या पटांगणी दाखल जाहले. तेथे शौकिनांची फौज बॉनेटे उघडून, कॉफीचे घोट घेत, दुपारपर्यंत मुक्काम करते, आणि त्या फौजेच्या गाड्या धावण्यापेक्षा उभ्या राहण्यात बहुत तरबेज. यारेलिसचे बाप्तिस्म्यावेळचे धर्मपिता चेओ यांनी माझदाभोवती फेरी मारिली, मागे वाकून पाहिले आणि भर दरबारात म्हणाले, "विल्फ्रेडो, मागची चाकं बघ कशी आत गेलीत. कवळी काढलेल्या म्हाताऱ्याचे गाल जणू. अन् यातून माझ्या पोरीला नेणार तू?"

हे श्रीमंतांच्या वर्मी बसले. लग्नाची वरात याच पटांगणापुढून जाणार होती. मग तेथेच मसलत बसली आणि ठराव जाहला की स्पेसर बसवावे, म्हणजे चाक आणि त्याची बैठक यांच्यामध्ये धातूची जाड चकती घालावी, जेणेकरून चाक बाहेर सरकते आणि गाडी छाती काढून उभी राहते. दुकानदाराने अर्ज केला की पातळ चकती पुरे. चेओंनी जाड सुचविली. श्रीमंतांनी त्याहून जाड फर्माविली, आणि टायरही दोन बोटे रुंद घेतले, कारण एकदा अक्कल गहाण टाकली की ती अर्धीमुर्धी कोण टाकतो.

मग घरच्या छपराखाली चाके चढली. श्रीमंतांनी मडगार्डाच्या कडेवरून ओळंबा सोडिला, आणि टायर व कड यांच्यामध्ये कागद सरकेल इतकी जागा पाहून बहुत संतोष पावले. तेव्हा पत्नी मिग्दालिया स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "आत बसून बघ ना एकदा." यावर हुकूम सुटला की गाडी उभी असतानाच पारखावी ऐसा या कारखान्याचा शिरस्ता आहे, आणि खासगीकडील मंडळींनी डुकराच्या रानीच्या, म्हणजे मागच्या तंगडीच्या, मसाल्यात लक्ष घालावे.

लग्नादिवशी बॉनेटवर रिवाजाप्रमाणे पांढऱ्या झग्यातली बाहुली बांधिली. मागच्या डिकीत भाजलेली अख्खी रान आणि भाताचे पातेले चढले. कन्या बसली, आणि मग श्रीमंत खासे बसले. तेव्हा मागून बारीक कुरकूर उमटली. श्रीमंतांनी तिचा दोष आसनावर ढकलला.

पहिल्याच वळणास "खर्र" ऐसा नाद जाहला. श्रीमंत म्हणाले, रस्ता खराब. दुसऱ्या वळणास जळक्या रबराचा वास आला. मग बेकरीसमोरचा स्पीडब्रेकर लागला, सलामीस उभ्या फौजेने हॉर्न फुंकिले, आणि नेमक्या त्या क्षणी डावे मडगार्ड टायरवर ऐसे बसले की गाडी जागीच अडकली आणि हॉर्न आपोआप थांबले.

चेओ धावले. मागून मिग्दालियाची जुनी गाडी दोन मावश्यांसह पोहोचली. ओझे जास्त जाहले म्हणून रान आणि पातेले तिकडे हलविले, तरी टायर सुटेना. मग आणखी काय उतरवावे याचा विचार पडला. सारी फौज श्रीमंतांच्या पोटाकडे पाहू लागली.

"बाबा, उतर," यारेलिस म्हणाली.

"अन् चालवणार कोण?"

"मी. फुगलाय तो माझा ड्रेस, मी नाही."

"आपण दोघं आईच्या गाडीत जाऊ."

"मला याच गाडीतून जायचंय. तू सांगितलं होतंस."

त्या स्टिअरिंगला आजवर दुसऱ्याचा हात लागू दिला नव्हता. श्रीमंत उतरले तशी गाडी बोटभर वर आली, आणि मडगार्डाने टायर सोडिला. मग कन्येने झगा गुडघ्यांत दाबिला, स्पीडब्रेकर तिरकस धरून हळूच पार केला आणि चढाने निघून गेली. जराही आवाज आला नाही. श्रीमंतांना रडू आले, कारण गाडी इतकी सुंदर चाललेली त्यांनी बाहेरून कधी पाहिलीच नव्हती, आणि वचन त्यांच्यावाचूनच पुढे गेले होते.

मग श्रीमंत मिग्दालियाच्या गाडीत चढले. मागच्या आसनावर मावश्या हलेनात, म्हणून पुढे श्रीमंतांच्या मांडीवर रानीचे ताट आले. मिग्दालिया म्हणाली, "घट्ट धर. निदान हे तरी पोचव."

चर्चपाशी उतरले तो पाटलोणीवर चरबीचा मोठा डाग. पायऱ्यांवर चेओ आधीच हजर होते, आणि धर्मपित्याच्या हक्काने वधूपुढे कोपर धरून उभे होते. आत वाजंत्री सुरू जाहली होती. श्रीमंतांना वाटले, संपले.

पण यारेलिसने ते कोपर घेतलेच नव्हते. हातात गाडीची किल्ली धरून ती उंबऱ्यातच उभी होती.

"ये ना बाबा. दारापर्यंत मी आणलं. आता आत तू ने."

येणेप्रमाणे फत्ते जाहली. चाके मडगार्डाशी एका रेषेत आली, हे पुढच्या रविवारी चेओंनी भर दरबारात कबूल केले, वर अट घातली की विल्फ्रेडोने आत बसू नये. डाग निघाला नाही. किल्ली अद्याप यारेलिसकडे आहे. श्रीमंतांनी ती परत मागितली नाही, आणि मीही मागितली नाही.