क्रोख्क म्हणजे टेकडी

लेलेकाकांनी फोनवर घराची खूण सांगितली ती अशी: "बसमधून उतरलीस की समोर क्रोख्क दिसेल. तो चढ, पलीकडच्या लगमध्ये उतर. आउल्ट डू ओलांडायचा नाही. अलीकडचं घर आपलं."

मी नागपूरहून अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी पीएचडीसाठी नुकतीच उतरलेली, सोबत दोन अवजड बॅगा. तासभर भटकले. शेवटी काकाच शोधत आले.

"कमाल आहे! क्रोख्क म्हणजे टेकडी, लग म्हणजे खळगा, आउल्ट डू म्हणजे काळा ओढा. यात कठीण काय?"

ही गेलिक भाषा. काकांची बायको मोराग स्कॉटलंडच्या एका बेटावरची. लग्न होऊन इथे आल्यावर तिने आसपासच्या टेकड्या-ओढ्यांना आपल्या गावची नावं देऊन टाकली, आणि मूळचे पुण्याचे काका नकाशापेक्षा तीच नावं अधिकृत मानू लागले. त्यांच्या बेसमेंटमध्ये माझ्यासारखं भाड्याने राहणाऱ्या प्रत्येकाला शिकवणी सक्तीची. "लिहायचं सी-एन-ओ-सी, म्हणायचं क्रोख्क. घशात भाकरी अडकल्यासारखं म्हण!" विनोदही ठरलेला: "लग म्हणजे खळगा. पुढे 'न' लागला की मोठा खळगा!" हसायचे एकटेच.

मोरागकाकू तेव्हा वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये होत्या. स्मृती जाता जाता त्यांचं इंग्रजी पार पुसलं गेलं होतं. उरली होती लहानपणीची गेलिक. आणि काकांना गेलिक येत होती ती नावांपुरतीच.

"चाळीस वर्षं इंग्रजीत संसार केला," काका म्हणाले, "भांडणंसुद्धा. वाटलं, एवढं पुरेल."

एका रविवारी मी त्यांना ड्राइव्ह करून तिकडे घेऊन गेले. काका काकूंच्या खुर्चीजवळ स्टूल ओढून बसले आणि एकेक टेकडी, एकेक ओढा म्हणत सुटले, जणू दोघं तिच्या गावच्या वाटेला लागली होती. एक नाव चुकलं. काकूंनी बोट उगारून दटावलं आणि शाळामास्तरणीसारखं नीट म्हणून दाखवलं. पुढचंही चुकलं.

"काका, हे तर मला शिकवलं होतं तुम्ही!"

"मुद्दाम चुकतो गं," ते हळूच म्हणाले. "चुकलो की बोलते."

मार्चमध्ये काकू गेल्या. आठवड्याभराने काकांनी मला एक कागदी नॅपकिन दाखवला. त्यावर काकांच्या अक्षरात, देवनागरीत एक लांबलचक ओळ, मला न कळणारी. शेवटच्या दुपारी सगळी नावं म्हणून झाल्यावर काकूंनी हे वाक्य म्हटलं होतं. दोनदा.

"युनिव्हर्सिटीत कोणीतरी गेलिक जाणणारं असेलच," मी म्हणाले. "ईमेल करते. अर्थ कळेल."

काकांनी नॅपकिनची घडी घालून खिशात ठेवली.

"नको."

"का, काका?"



"पाणी मागितलं असेल गं तिने," ते म्हणाले. "आणि मी समोर बसून शुद्धलेखन करत होतो."