स्वारीच्या मोटारीस उचकी लागली त्याची हकीकत

श्री. विघ्ने हरणाऱ्या देवास नमन, आणि ज्या अज्ञात पुरुषाने पहिले चाक फिरवले त्यासही नमन. शके एकोणीसशे चौतीस, नंदननाम संवत्सर, भाद्रपद मास सरत आला ते समयी एका राज्यात जे वर्तमान घडले ते हुजुरांनी पुसले, सबब ऐकिले पाहिले तैसे लिहिले आहे. राज्याचे नाव लिहू नये ऐशी ताकीद आहे, म्हणून लिहिले नाही. राज्य काही फार मोठे नव्हे. एक गाव, एक गढी, एक तळे आणि एक मोटार, पैकी मोटारीचा मान सर्वांत थोर. ते राज्यी ऐशी चाल होती की दसऱ्याचे दिवशी खाशी स्वारी मोटारीत बसून वेशीपासून टेकावरच्या माळापर्यंत चढावी, आणि पुढे शिंगवाले व हलगीवाले पायी चालावे, आणि मोटारीने त्यांस ओलांडू नये, त्यांच्यामागे रेंगाळूही नये. पूर्वी हत्ती होता तो ऐसाच चाले. मग हत्ती गेला आणि मोटार आली, परंतु चाल तीच राहिली. आणि दसराच कशास, देवीचा छबिना असो, पाहुण्यांची मिरवणूक असो, गावातील कोणाचे लग्न असो, महाराज उदार मनाचे, मोटार देत, आणि मोटार हलगीच्या मागे मुंगीच्या पायाने चढ चढे. ती वेगे धावलेली कोणी फारशी पाहिली नव्हती.

मोटारीचे सारथी सुभानजी ढमाले. यांचे वडील त्या हत्तीचे माहूत होते, त्यांचा अंकुश सुभानजींच्या घरी खुंटीस टांगलेला असे. सुभानजींचा पाय राज्यात प्रसिद्ध. मोटारीत भरला तांब्या ठेवावा आणि माळावर जाऊन पाहावा तो थेंब सांडलेला नसे, ऐसा तो पाय. आणि सुभानजींस याचा अभिमान बहुत होता, तो त्यांनी कधी बोलून दाखविला नाही, परंतु चढ सुरू होताच त्यांच्या मिशा किंचित वर जात हे सर्वांनी पाहिले आहे. ऐसे असता अनंत चतुर्दशीस गणपतीची मिरवणूक चढास लागली आणि मोटारीस एकाएकी उचकी लागली. मोटार गचकन थांबली आणि लगेच उडी मारून पुढे गेली, मग पुन्हा गचकली, आणि महाराजांचा मंदिल नाकावर आला, आणि शिंगवाल्याने घाबरून भलताच सूर काढिला. बायकांनी पदरात तोंडे लपविली. महाराजांनी मंदिल सावरला. तेव्हा दिवाण नरहरपंत बोलिले, "सुभानजींचा पाय थरथरू लागला. वय झाले, यात त्यांचा दोष नाही." आणि हे पंत मायेने बोलिले, म्हणून ते अधिक लागले.

सुभानजी घरी आले आणि ओट्यावर बसून आपला उजवा पाय समोर धरून पाहू लागले. मग मंडळींस हाक मारून म्हणाले, "चंपा, बघ गं जरा, हालतोय का?" चंपाबाई पिठाच्या हाताने बाहेर आल्या, पाहिले आणि म्हणाल्या, "काय बघू? पाय हाय, पायासारखा. जेवा आता." पण सुभानजींस घास गोड लागेना. पाय आपला आणि आपल्यालाच त्याचा भरवसा नाही, ऐशी त्यांची अवस्था जाहली, आणि ती फार वाईट अवस्था होय. दुसरे दिवशी मोटारखान्याचे दरोगे बाबालाल मुजावर यांनी मोटार उघडिली आणि प्लग बदलिले, पेट्रोलची गाळणी बदलिली, हवेची बदलिली, आणि सुभानजींनी चढावर नेताच मोटारीने पुन्हा उचकी दिली. मग पंतांनी आपले पुतणे हेरंबराव यांस किल्ली दिली. हेरंबराव तरणे, त्यांनी मोटार तळ्याच्या बांधावरून ऐशी सोडिली की बगळे उठले, आणि उचकी म्हणून एक आली नाही. तेव्हा पंत महाराजांकडे वळून म्हणाले, "आता आणखी काय पाहायचे राहिले?" आणि महाराजांनी खाली मान घालून आज्ञा केली की घटस्थापनेपासून मोटार हेरंबरावांनी हाकावी, सुभानजींनी आराम करावा. आराम हा शब्द सुभानजींस शिवीहून कडू लागला.

ऐसियास महाराजांच्या आत्या आक्कासाहेब गढीवर राहत. यांस लहानपणापासून एकच खोड, हे ऐसे का, हे पुसण्याची. गढीतील सर्व घड्याळे त्यांनी एकदा तरी उघडिली होती, पैकी काही पुन्हा चालूही जाहली होती. त्यांनी सुभानजींस बोलावून पुसिले, "उचकी कोठे लागते?" सुभानजी म्हणाले, "चढाला, सरकार. हलगीमागं."

"आणि पाय जरा अधिक दाबला तर?"

"न्हाई लागत. सोडला तरी न्हाई लागत. त्याच एका जागेला आला की गचकतीया."

आक्कासाहेबांचे डोळे लकाकले. "अहो, थरथरणारा पाय काय जागा निवडून थरथरतो? थरथरायचा तर सगळीकडे थरथरेल. आणि हेरंब त्या जागी कधी होता? तो तर बगळे उडवीत होता." सुभानजींस हे सुचले नव्हते. त्यांच्या मनात आशा उपजली आणि लगेच तिची भीतीही वाटली.

मग आक्कासाहेबांनी मोटार गढीच्या चौकात आणविली, महाराजांस व पंतांसही बोलाविले, आणि बाबालालांस म्हणाल्या, "पायाखालून आत काय काय जाते ते मला मुळापासून सांगा." बाबालालांनी सांगितले ते येथे लिहितो, कारण मजलाही ते नवल वाटले. मोटारीच्या पोटात एक दरवाजा आहे, त्यातून वारा आत जातो. सारथी पाय दाबतो तेव्हा एक तार ओढली जाते आणि दरवाजा उघडतो. दरवाजाच्या बिजागरीपाशी एक हरकारा बसविला आहे, त्यास थ्रॉटल पोझिशन सेन्सर म्हणतात. दरवाजा किती उघडा आहे ही खबर तो क्षणोक्षणी एका बंद पेटीस देतो, आणि ती पेटी मोटारीची दिवाण, ती खबरेप्रमाणे पेट्रोल सोडते. पेटी स्वतः उठून दरवाजा पाहावयास जात नाही. हे ऐकून आक्कासाहेबांनी पंतांकडे पाहिले, पंतांनी तळ्याकडे पाहिले. मग आक्कासाहेब म्हणाल्या, "सर्वांस तपासले, पायास तपासले, हरकाऱ्यास कोणी तपासले?" बाबालाल ओशाळून म्हणाले, "त्याच्यावर कधी शकच आला नाही, आक्कासाहेब. आणि मोटारीचा दोष दाखविणारा पिवळा दिवाही लागला नाही."

तेव्हा बाबालालांनी काट्याचे मीटर आणिले. मोटार सुरू केली नाही, किल्ली मात्र फिरविली, आणि मीटरची एक तार मोटारीच्या लोखंडास लाविली, दुसरी हरकाऱ्याच्या मधल्या तारेस. दरवाजा उघडत जाईल तैसा काटा सरळ वर चढत गेला पाहिजे, मध्ये अडखळता नये, ऐसा नियम. सुभानजी सारथ्याच्या जागी बसू लागले तो आक्कासाहेब म्हणाल्या, "तुम्ही इकडे उभे राहा. आज पायाचे काम नाही." आणि स्वतः उंच तिवईवर बसून, बांगड्या मागे सारून, दरवाजाची तरफ एका बोटाने फिरवू लागल्या, दुधावरची साय काढावी तैशा हळू. काटा हलला, चढू लागला, आणि थोडका चढला नाही तोच धपकन शून्यावर पडला आणि पुन्हा उठला आणि पुढे शेवटपर्यंत शहाण्यासारखा चढत गेला.  बोट मागे आणिले, त्याच जागी काटा पुन्हा पडला. पंत म्हणाले, "आक्कासाहेबांचे बोट किंचित..." आक्कासाहेब उठल्या. "या पंत, तुम्ही फिरवा. तुमचे बोट राज्यास माहीत आहे." पंतांनी अंगठी काढिली, धोतर सावरिले आणि तरफ फिरविली. काटा पडला. महाराजही बालकासारखे पुढे सरसावले आणि त्यांनी फिरविली. राजाचे बोट म्हणून काट्याने भीड धरिली नाही. हरकारा त्या एका जागी मुका होतो, पेटी समजते दरवाजा मिटला, पेट्रोल तोडते, आणि पुढल्या क्षणी खबर येताच सोडते, ही ती उचकी. महाराज मोठ्याने हसले आणि म्हणाले, "सुभानजी, पाय सुटला तुमचा!"

येथेच हकीकत सरती. बाबालाल जुना हरकारा काढून फेकणार होते. परंतु आक्कासाहेबांचे समाधान जाहले नव्हते. "त्याच जागी का मुका जाहला? उघडा त्यास." उघडिला. आत एक काळी कमानदार पट्टी आणि तीवर फिरणारे तांब्याचे नखाएवढे बोट. पट्टी सर्वत्र नव्यासारखी तुळतुळीत, आणि आरंभाजवळ एका जागी खरवडून पांढरी पडलेली, ज्वारीच्या दाण्याएवढी, अधिक नाही. सुभानजींनी चष्मा लाविला आणि पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "ही चढाची जागा. हलगीमागची. सरकार, म्हंजे माझ्याच पायानं झिजवली की ही!" आणि अपराध्यासारखे उभे राहिले.  तेव्हा नरहरपंत पुढे जाहले, पट्टी उजेडाकडे धरून बहुत वेळ पाहिली, आणि म्हणाले, "सुभानजी, इतक्या वर्षांत, इतक्या मिरवणुकांत, हे बोट दाण्याच्या बाहेर गेले नाही. थरथरणाऱ्या पायाने साऱ्या पट्टीवर ओरखडे काढिले असते. मी म्हणालो ते चुकीचे म्हणालो." ऐसे म्हणून पंतांनी भर चौकात हात जोडिले. सुभानजींस रडू कोसळले, आणि ते त्यांनी लपविले नाही.

नवा हरकारा शहरातून हेरंबरावांनीच आणिला आणि बाबालालांनी बसविला, आणि काटा पायरी न चुकता चढला. महाराजांनी आज्ञा केली की मोटार अधूनमधून बांधावर मोकळी सोडावी, म्हणजे पट्टी एकाच जागी झिजणार नाही. सुभानजी ती आज्ञा पाळतात, परंतु वेगास भितात, म्हणून शेजारी आक्कासाहेब बसतात आणि "आणखी, आणखी" म्हणतात. दसऱ्यास मोटार हलगीमागे चढली, पुढे भरला तांब्या ठेविला होता, तो माळावर भरलाच पोहोचला.

आदले दिवशी खंडेनवमी होती, घरोघर हत्यारांची पूजा. सुभानजींनी बापाचा अंकुश खुंटीवरून काढून पाटावर ठेविला. त्याची मूठ एका बाजूस अंगठ्याएवढी झिजून खोल गेली आहे, तीत सुभानजींनी हळद भरिली. मग खिशातून ती काळी पट्टी काढून अंकुशाशेजारी ठेविली, आणि दाण्याएवढ्या त्या पांढऱ्या जागी कुंकवाचे बोट लाविले. चंपाबाईंनी पुसिले, "हे काय?" सुभानजी म्हणाले, "माझं."

येणेप्रमाणे उचकीचे मूळ सापडले, पाय निर्दोष ठरला आणि चाल राहिली. इति.