टेप नंतर, आधी चहा

कालिंदाकडे कपडे शिवायला आलेल्या माणसाला आधी चहा प्यावा लागतो. नको म्हटलं तर कपडे शिवून मिळत नाहीत. चहा हातात दिला की ती समोरच्या स्टुलावर बसते आणि हनुवटीला हात लावून बघत राहते. कुणी बशीत ओतून पितं, कुणी कप दोन्ही हातांत धरतं, कुणी खारीचा तुकडा कपात पडल्यावर इकडेतिकडे बघून हळूच बोटाने काढतं. ती सगळ्यांकडे सारख्याच गंभीरपणे बघते. गिऱ्हाईक अवघडतं, ओढणी सारखी करतं आणि शेवटी विचारतं, "ताई, माप कधी घेणार?"

"घेऊनच राहिले की," कालिंदा म्हणते. "टेप नंतर. आधी चहा."

हा प्रकार लातुरात, माझ्याच घराच्या खालच्या दोन खोल्यांत गेली चार वर्षं चालू आहे. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला कारकून. भाडेकरू ठेवायचा तर बँकेतला नाहीतर शाळेतला, असं माझं ठरलेलं होतं. पण कालिंदा खोल्या बघायला आली तेव्हा मी घरी नव्हतो आणि आमच्या सौभाग्यवतींनी परस्पर किल्ली देऊन टाकली. "मुलगी फॅशन डिझायनर आहे," सुलभा मला म्हणाली. फॅशन डिझायनर म्हणजे टीव्हीवर रागावल्यासारखी चालणारी ती माणसं, एवढंच मला माहीत. आता आपल्या जिन्यातून तसली माणसं चालणार म्हणून मी आठवडाभर धास्तावलो होतो.

प्रत्यक्षात सदतीस-अडतीस वर्षांची, सुती झगा घातलेली एक बाई राहायला आली. केसांत पेन्सिल खोचलेली, गळ्यात नाडीला बांधलेली कात्री. दारावर तिने फक्त 'कालिंदा' एवढीच पाटी लावली. गल्लीतल्या बायका पहिल्याच दिवशी फॉल-पिकोच्या साड्या घेऊन आल्या.

"करते की," ती म्हणाली. "पण ही साडी नेसून तुम्ही काय करणार ते सांगा."

"काय करणार म्हणजे? लग्नाला जाणार."

"तिथं जाऊन काय करणार? बसणार का वाढायला घेणार?"

बायका साड्या घेऊन परत गेल्या आणि वरच्या मजल्यावर येऊन सुलभाला म्हणाल्या, तुमची भाडेकरू जरा अशीच आहे. मीही तेच म्हणत होतो.

तिच्याकडे एक जाडजूड रजिस्टर आहे. लोकांच्या वह्यांत डोकावू नये हे मला कळतं. पण चाळीस वर्षं फायलींत घालवलेल्या माणसाला उघडं रजिस्टर दिसलं की मान आपोआप वाकते. प्रत्येक पानावर वर गिऱ्हाइकाचं नाव, त्याखाली ठळक अक्षरात 'रोजचं सुख' आणि त्यापुढे काहीतरी लिहिलेलं. छाती, कंबर, खांदा हे सगळं तळाशी, बारीक अक्षरात.

आमच्या समोरच्या वहिनींच्या पानावर होतं, 'संध्याकाळी गेटावर कोपर टेकवून उभं राहणं.' वहिनींच्या नव्या कुर्त्याला कोपरापाशी आतून दुहेरी कापड लावलं होतं. आता त्या पूर्वीपेक्षा अर्धा तास जास्त उभ्या राहतात आणि आमच्याकडे कोण आलं, कोण गेलं, याचा हिशेब त्यांच्याकडे असतो.

एकदा नांदेडच्या कुठल्याशा कॉलेजच्या प्राचार्यबाई गाडी करून आल्या. इस्त्री केलेला चेहरा. रोजचं सुख काय, असं विचारल्यावर म्हणाल्या, "शास्त्रीय संगीत."

"हे लोकांना सांगायचं सुख झालं," कालिंदा म्हणाली. "खरं काय ते सांगा. अजून चहा टाकू का?"

दुसऱ्या चहाला बाईंनी कबूल केलं की मीटिंग लांबली की त्या गुपचूप चिंच चघळतात. त्यांच्या जाकिटाला आतल्या बाजूने एक चोरखिसा झाला आणि डाग पडू नये म्हणून त्याला मेणकापडाचं अस्तर लागलं. बाई तेव्हापासून दर दिवाळीला येतात. उदगीरच्या एका नवरीला स्कूटीवर मागे बसून पाय हलवायला आवडायचं, तर तिच्या रिसेप्शनच्या घागऱ्याचा घेर कमरेला आकड्याने अडकवता येईल असा शिवला. नवरी स्टेजवरून उतरली, घेर अडकवला आणि मैत्रिणीच्या स्कूटीवर बसून गावाला एक चक्कर मारून आली. सासरच्यांनी फोन केला तो कालिंदाला. "आकडा नीट बसला का?" एवढंच तिने विचारलं.

मग एक दिवस माझी पाळी आली. सुलभाने माझ्या वाढदिवसाला सदरा शिवायला टाकला होता. मला खाली बोलावून चहा देण्यात आला.

"वाचन," मी म्हणालो. "आणि नामस्मरण."

"काका, अजून एक चहा घ्या."

"अगं, खरंच."

"मग नळ येतो त्या दिवशी गच्चीवर काय करताव तुम्ही?"

लातुरात राहणाऱ्याला सांगायला नको, आमच्याकडे नळ रोज येत नाही. तो येतो त्या दिवशी मी गच्चीवर जातो, टाकीचं झाकण उचलतो आणि कान लावून टाकी भरायचा आवाज ऐकतो. मग बाही वर सारून कोपरापर्यंत हात पाण्यात घालतो आणि तसाच उभा राहतो. सुलभाला वाटतं मी गळती तपासतो. रंगवलेली कापडं वाळत घालायला गच्चीवर येणाऱ्या या बयेने ते बघून ठेवलं होतं.

सदरा आला. बाहीला आतून एक पट्टी होती. ती बटणात अडकवली की बाही कोपराच्या वर जाऊन तिथेच थांबायची. नळाच्या दिवशी मी तो घालून गच्चीवर गेलो. आयुष्यभर माझी बाही घसरून टाकीत भिजत आली होती. त्या दिवशी पहिल्यांदा मी पाहिजे तितका वेळ हात पाण्यात ठेवून उभा राहिलो. त्यानंतर मी तिच्याबद्दल गल्लीत वेडंवाकडं बोलणं बंद केलं.

रजिस्टरमध्ये एक पान मात्र अर्धवट होतं. वर 'आबा' एवढंच लिहिलेलं. 'रोजचं सुख'पुढे कोरं आणि तळाशीही कोरं. मी विचारलं तर ती म्हणाली, "ते पान तसंच हाय," आणि रजिस्टर मिटून ठेवलं.

बाकीचं मला सुलभाने सांगितलं. बायकांना असल्या गोष्टी कधी कळतात कोण जाणे. आबा म्हणजे कालिंदाचे वडील. रेणापूरला राहतात, इथून बसने अर्ध्या तासावर. जन्मभर टेलरकी केली. मशीनवर वाकून वाकून पाठीला बाक आला, पण पोरीला शिकवलं आणि ती शाळेत शिक्षिका झाली तेव्हा गावभर पेढे वाटले. सात वर्षांनी पोरीने ती नोकरी सोडली आणि कपडे करायचं शिकायला पुण्याला निघून गेली. "खुर्चीवर बसवलं होतं तुला," आबा म्हणाले, "अन् तू पुन्हा मशीनवरच जाऊन बसली." त्यानंतर सहा वर्षांत आबा तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. ती घरी गेली की ते उठून बाहेर जायचे. मग तिनेही जाणं सोडलं. आबांना आपल्या हातचा सदरा शिवायचा, एवढीच तिची इच्छा होती. पण गल्लीतल्या प्रत्येकाचं रोजचं सुख ठाऊक असलेल्या या मुलीला आपल्या बापाचं काय ते माहीत नव्हतं.

या दिवाळीनंतर माझ्या साडूच्या नातवाचं बारसं निघालं, तेही रेणापूरला. बारसं उरकून मी दुपारी स्टँडवर आलो, अंगात तोच पट्टीचा सदरा. सिमेंटच्या बाकावर टोपी घातलेले, जाड भिंगांचा चष्मा लावलेले एक म्हातारे बसले होते. लातूरहून गाडी आली. माणसं उतरायला लागली आणि म्हातारे हनुवटीला हात लावून एकेकाकडे बघायला लागले. तोंडाकडे नाही, कपड्यांकडे.

"टीप पळवली," ते पुटपुटले. "ह्याची बगल आखडली. हिचा खांदा बघा, कुठं चाललाय."

मग त्यांनी सरळ माझी बाही धरली. ओळख नाही, पाळख नाही. बाही उलटी केली, आतली पट्टी ओढून बघितली आणि बटणाच्या काजावर त्यांचा अंगठा येऊन थांबला.

"काज हातानं केलंय," ते म्हणाले. "कुणी शिवला?"

हनुवटीवरचा हात पाहिला तेव्हाच मी काय ते ओळखलं होतं. "लातूरला आमच्याकडे एक बाई आहेत," मी म्हणालो.

त्यांचा अंगठा बराच वेळ काजावरून फिरत होता. "कॉलर सूतभर कमी हाय," शेवटी म्हणाले. "सांगा तिला."

"रोज येता का मामा इथं?"

"दुपारची गाडी चुकवत न्हाई. लातूरचे टेलर लई बिघडलेत. धा-पाच चुका काढल्याबिगर भाकर पचत न्हाई मला."

माझी गाडी सुटायला आली, कंडक्टर ओरडायला लागला, तरी त्यांनी बाही सोडली नव्हती. शेवटी मलाच ती सोडवून घ्यावी लागली. ते मला फार जड गेलं.

घरी आल्यावर वर न जाता मी आधी कालिंदाच्या दारात उभा राहिलो. ती इस्त्री करत होती. सगळं ऐकून तिने इस्त्री बंद केली.

"कॉलर उलटी करून बघितली?"

"कॉलर नाही, बाही. कॉलर नुसती नजरेनं."

"अन् काज?"

"काजावरून बराच वेळ अंगठा फिरवत होते."

"आठ वर्षांची होते मी," ती म्हणाली, "तेव्हा शिकवलं होतं त्यांनी." मग तिने चहा टाकला, स्वतःचा कप घेतला आणि पहिल्यांदाच गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर जाऊन बसली. चहा संपल्यावर रजिस्टर उघडून तिने आबांच्या पानावर लिहिलं, 'दुपारच्या गाडीतून उतरणाऱ्यांच्या कपड्यातल्या चुका काढणं.'

आता आबांचा सदरा शिवायला घेणार असं मला वाटलं. तर तिने स्वतःसाठीच निळा झगा शिवायला घेतला. चार दिवस दुसरं काम नाही. आणि कधी नव्हे ते पहिल्यापासून टेप हातात! खालचा घेर जमिनीपासून मोजायची, खडूने खूण करायची, पुन्हा मोजायची. "त्यांच्यापुढं टेपच लागतो काका," ती म्हणाली.

गुरुवारी दुपारी झगा घालून तिने मला हाक मारली. "मागून बघा हो. घेर सरळ हाय ना?"

घेर दोरीत होता. पण डाव्या बाजूला, मागे, वीतभर शिलाईच नव्हती. दुमड सुटून लोंबत होती.

"अगं, मागे वीतभर शिलाई राहिलीय!"

"राहिली न्हाई काका," ती पर्स उचलत म्हणाली. "ठेवलीय."

ती गेटाबाहेर पडेपर्यंत माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. पडला तेव्हा मला एकदम गलबलून आलं. समोरच्या वहिनी बघत होत्या म्हणून मी घरात आलो आणि सुलभाला सगळं सांगितलं.

संध्याकाळी ती परत आली. आम्ही दोघं जिन्यातच उभे होतो. "भेटले का?" सुलभाने विचारलं. कालिंदाने आमच्याकडे पाठ केली. निळ्या कापडावर वीतभर काळा दोरा. टाके वेडेवाकडे, एक मोठा तर एक लहान. नजर अधू झाल्याचं त्यांत दिसत होतं.

"मी गाडीतून उतरले तर त्यांनी आधी झगाच बघितला," ती सांगायला लागली. "म्हणाले, उभी ऱ्हा. अन् बाकावरून उतरून खाली फरशीवर बसले. टोपीत दोरा ओवलेली सुई असती त्यांच्या, ती काढली. सारा स्टँड बघून राहिला होता."

"बोलले काही?"

"दातानं दोरा तोडला अन् म्हणाले, पुढल्या बारीला नीट शिवून ये." ती हसायला गेली आणि तिला रडू आलं. सुलभाने तिला जवळ घेतलं आणि मी उगाचच जिन्यातला बल्ब तपासला.

गिऱ्हाइकाच्या कपड्यावर एक टाका तिरका गेला तर सगळी बाही उसवणाऱ्या कालिंदाने ते काळे टाके अजून उसवलेले नाहीत.

पुढच्या गुरुवारी सकाळी मी पेपर आणायला खाली उतरलो. तिचं दार उघडं होतं. पिवळा कुर्ता मांडीवर घेऊन ती कात्रीच्या टोकाने मनगटावरच्या एका धडधाकट बटणाचा दोरा कापत होती.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"बटण ढिलं करून राहिले काका," मान वर न करता ती म्हणाली. "रिकाम्या हातानं कसं जायचं?"